परमुलखातल्या धावा

नाना, काल आपण जिंकलो. परमुलखात जिंकलो म्हणून तुम्हाला लिहायला बसले. घरी जिंकलो असतो तर तुमच्यासाठी कागद खराब केला नसता. समुद्रापलीकडचं गार, ढगाळ गाव, आणि खेळपट्टीवर गवत इतकं की तुम्ही म्हणाला असतात, हितं चार मेंढरं सोडा आधी. चेंडू मनाला येईल तसा आत-बाहेर करत होता. आणि आपला तो एक पोरगा, ज्याला आमच्या कॉलनीतल्या झाडून सगळ्यांनी मागच्याच मोसमात घरी बसवून टाकला होता, तो दिवसभर उभा राहिला. बरगडीवर खाल्ले, बोटांवर खाल्ले, तोंडातून हूं की चूं नाही. शतकही झालं नाही त्याचं. पण त्याने लावून धरलं म्हणून शेवटच्या जोडीला जिंकायची धाव घेता आली, आणि ती धाव पूर्ण झाली तेव्हा मी आपल्या चिकलठाण्याच्या घरात एवढ्या जोरात ओरडले की आई आतून म्हणाली, "काय झालं गं, साप निघाला व्हय?"

तुमचं माप सगळ्या कारखान्याला पाठ होतं. फलंदाज कितीही नावाजलेला असो, तुमचा प्रश्न एकच, "परमुलखात किती?" शब्द तुमचा नव्हता, तुमच्या वडिलांचा होता. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन गंगापूरच्या खाली गोदावरीकाठाला उतरायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतायचे. आपल्या शिवारात कुठला ओढा कधी आटतो, कुणाचं कुत्रं अंगावर येतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. परक्या शिवारात ते कुणी सांगत नाही. म्हणून माणूस परतला की गाव एवढंच विचारायचं, परमुलखात मेंढरं किती जगवली. तुम्ही काठी ठेवलीत, कारखान्यात लेथवर उभे राहिलात, पण हे माप बरोबर घेऊन आलात आणि ट्रान्झिस्टरमधून ऐकू येणाऱ्या प्रत्येक फलंदाजाला लावत बसलात. इथल्या सपाट खेळपट्टीवर कुणी द्विशतक ठोकलं की शेजारी पेढे मागायचे आणि तुम्ही चहा बशीत ओतत म्हणायचात, "माती आपली, पानी आपलं, टाळ्या आपल्या. त्येच्यात त्येचं काय हाय?" आणि तिकडे कडाक्याच्या थंडीत कुणी जेमतेम चाळीस धावांवर नाबाद राहिला, तर त्या दिवशी ट्रान्झिस्टरचा आवाज मोठा व्हायचा आणि आईला सांगितलं जायचं की आज मटण कर.

नकाशा मात्र तुमचाच होता. तुमचे वडील निजामाच्या राज्यात वाढलेले, म्हणून हैदराबाद आपलं, घरचं. तिथल्या धावा बाद. आणि मुंबई परमुलूख! कँटीनमध्ये तुमचे दोस्त, ते फिटर चाचा, हसून हसून लाल व्हायचे. "अरे नाना, बम्बई जाने कू पासपोर्ट लगता क्या?" तुम्ही शांतपणे सांगायचात, "पासपोर्ट नाय लागत, पन पानी बाधतं. जिथलं पानी बाधतं त्यो परमुलूख." तुम्ही एकदाच मुंबईला गेला होतात आणि तिथून पोट धरून परत आला होतात, त्यावर हे सगळं शास्त्र उभं होतं. मी विचारलं होतं, की मग मुंबईतच जन्मलेल्या फलंदाजाने मुंबईत काढलेल्या धावांचं काय करायचं? तुम्ही बराच वेळ विचार केलात आणि म्हणालात, "त्येच्या पोटाला इचारावं लागंल."

हसत होते मी, पण मला रागही यायचा. कारण हे माप तुम्ही मलाही लावायचात. वर्गात पहिली आले, तर "घरच्या मैदानावर." गल्लीतल्या स्पर्धेत बक्षीस आणलं, तर "पंच आपलेच व्हते ना?" आईने कधी माझी बाजू घेतली तर तुम्ही म्हणायचात, वेळ आल्यावर बघू. मला ती वेळ कधी येते असं व्हायचं. मला खूप काही नको होतं, नाना. एकदा, फक्त एकदा, तुम्ही माझं काहीतरी धरावं, हिशेबात घ्यावं, एवढंच हवं होतं.

आणि तो रविवार. मला पाहायला पाहुणे आले आहेत, पार समुद्राकाठच्या गावाहून. मुलाचे आजोबा आपल्या कन्नड तालुक्यातले, आईच्या माहेरच्या ओळखीतले, नोकरीसाठी तिकडे गेले आणि तिकडचेच होऊन बसले. पुढची पिढी भातावर आणि माशांवर वाढलेली. मी पोह्यांच्या बश्या ठेवून खाली मान घालून बसले आहे. मुलाचे वडील सहज विचारतात, "मुलीला स्वयंपाक येतो ना?" कुठल्याही बापाने हो म्हटलं असतं, वर पुरणपोळीचं कौतुक जोडलं असतं. तुम्ही म्हणता, "घरी येतो. पन घरचं म्या धरत नाय. तुमच्या हितं येऊन काय करती, त्यावरनं सांगता यील."

मुलाच्या आईने बशी खाली ठेवली. लग्न जुळवणारे मामा छताकडे पाहू लागले. मला वाटलं, संपलं सगळं. लोक हुंड्यामुळे मोडलेल्या सोयरिकी सांगतील, मी क्रिकेटमुळे मोडलेली सांगत बसेन. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात आई उभी राहिली. पाहुण्यांसमोर तोंडातून शब्द न काढणारी आई. पदर खोचलेला, हातात झारा. म्हणाली, "घरचं धरत नाय व्हय? मंग माझं धरा की. मी कन्नडची. ह्यांच्या घरात आले तवा कवळी व्हते. चूल ह्यांची, सासू ह्यांची, पानी सुदीक ह्यांचंच. माझा समदा खेळ परमुलखातच चाललाय, आन् अजून आउट नाय झाले."

तुम्ही खुर्चीवरून उठलात. मला वाटलं आता आईवर खेकसणार. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, जणू आतापर्यंत ही बाई तुमच्या घरात होती आणि कुणी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. आणि मग तुम्ही टाळ्या वाजवायला लागलात. एकटेच, सावकाश, शतक झाल्यावर मैदानातले लोक उभे राहून वाजवतात तशा. आई लाजेने आणि रागाने एकदमच लाल झाली. "बसा खाली, पाव्हणे काय म्हंतील!" पाहुणे काही म्हणायच्या आत मुलगा मोठमोठ्याने हसायला लागला. डोळे पुसत म्हणाला, "काका, मग आमच्या गावातल्या धावा कशा धरणार?" तुम्ही गंभीरपणे विचारलंत, "तुमच्याकडं पानी कसं हाय?" तो म्हणाला, "खारं." तुम्ही म्हणालात, "मंग दुप्पट धरीन." सोयरीक तिथेच जमली. त्या हसण्यावर माझंही मन तिथेच जमलं, हे तुम्हाला तेव्हा सांगण्यासारखं नव्हतं.

सासरी पाणी बाधलं, अगदी तुमच्या शास्त्राप्रमाणे. सकाळी भात, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. मासा करायला गेले तर त्याचा चिवडा झाला. माणसं वाईट नव्हती, पण मी "लई" म्हटलं की जावा एकमेकींकडे बघून हसायच्या. आईने एसटीच्या कंडक्टरच्या हाती डबा पाठवला होता येसरचा. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत जी आमटी होते तिचा तो भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा पिवळा-तांबूस भुगा. मी मोठ्या हौसेने आमटी केली. सासऱ्यांनी वाटीत डोकावून विचारलं, "हे तांबडं पाणी कसलं?" सासूबाईंनी एक घोट घेतला आणि तांब्या तोंडाला लावला. पहिल्याच डावात भोपळा. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले आणि तुम्हाला शिव्या घातल्या, की कसलं माप लावून ठेवलंत माझ्या मागे.

पण तुमचीच मुलगी. खेळपट्टी सोडायची नाही, एवढं तर ट्रान्झिस्टर ऐकून ऐकून अंगात मुरलं होतं. पुढच्या वेळी तिखट कमी केलं. सासूबाई नारळ घाल म्हणाल्या, तो मात्र घातला नाही. मासा शेजारच्या काकूंकडून शिकले, त्यांना आमटी शिकवली. एकदा सासऱ्यांना ताप आला आणि त्यांनी आपणहून विचारलं, "तुझं ते तांबडं पाणी आहे का गं?" मग कुणाच्या डोहाळजेवणाला वाटीभर गेली, कुणाच्या बारशाला पातेलंभर. मी एकेक धाव काढत होते, नाना, आणि बघायला तुम्ही नव्हतात.

मग तुम्ही दोघं आलात, शेजारच्या काकूंच्या मुलीच्या लग्नाला. दुसऱ्याच दिवशी तुमचं पोट बिघडलं आणि तुम्ही खूश झालात, परमुलूख पक्का म्हणून. मांडवात पंगतीला बसलात ते हात आखडून. पुढ्यात काय येईल याचा भरवसा नव्हता. वाढायला कुणी अनोळखी बाई होत्या. वाटीत आमटी पडली. तुम्ही बोट बुडवून चाखलंत आणि थांबलात. "ही येसर हाय. ही हितं कशी?" त्या बाईंना तुम्ही कोण हे ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "आमच्या आळीत आता लग्नाला हीच असते. एका घरच्या सुनेने आणली. संभाजीनगरकडची आहे ती." तुम्ही पोट बिघडलेलं असताना पुन्हा पुन्हा वाटी पुढे केलीत, आई डोळे वटारत असतानाही. पंगत उठल्यावर मी तुमच्या हातावर पाणी घातलं. तुम्ही ओंजळ तशीच धरून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "धरलं."

तेवढंच. वर कौतुकाचा एक शब्द नाही. पण नाना, सांगते, तांब्या हातात घेऊन मी मांडवाच्या मागे गेले आणि तिथे रचलेल्या भांड्यांमध्ये एकटीच नाचले. जगातल्या कुठल्याही मैदानावर कुणाची छाती तेवढी फुगली नसेल. पुढे तुम्ही गेलात, पण तुमचं ते "धरलं" माझ्याजवळ राहिलं. शाळेतला पहिला नंबर त्याच्यापुढे पाणी भरतो.

आता आम्ही इकडेच राहायला आलो आहोत, आईजवळ. हे निवृत्त झाले. तुमचं माप मी चालवते आहे. भाचा मोबाइलवर कुणाची सरासरी दाखवायला आला की मी म्हणते, "परमुलखात?" आणि तो कपाळाला हात लावतो. काल मात्र तो स्वतःच म्हणाला, "मावशी, ही खेळी तर दुप्पट धरायला पाहिजे." मी त्याला चहा देता देता मटणाचं आमंत्रण देऊन टाकलं. सकाळी तेच शिजत होतं आणि मी आईला चिडवायला विचारलं, "काय गं, तुझा डाव अजून परमुलखातच चाललाय ना?" आई कांदा चिरता चिरता थांबली. म्हणाली, "आता कुठला परमुलूख? हितलं पानी बाधायचं कवाच बंद झालं. माझंच घर हाय हे."

मी मघापासून याच वाक्यावर अडकले आहे, नाना. पाणी बाधायचं बंद झालं म्हणजे तुमच्या नियमाने हा मुलूख तिचा झाला. म्हणजे त्यानंतरचं तिचं सगळं, आमची बाळंतपणं, तुमचं शेवटचं आजारपण, आज सकाळचं हे मटण, सगळं घरच्या मैदानावरचं. ते सोडून द्यायचं? आणि मी इकडे परतल्यापासून जे करते तेही? माझ्या हातून हे होणार नाही. म्हणून हे पत्र मी कुठे ठेवणारही नाही आणि कुणाला वाचूनही दाखवणार नाही. भाच्यासमोर तुमचंच माप चालू राहील. पण आतल्या आत, तुम्हाला न विचारता, मी घरच्या धावाही धरते.