उजव्या खांद्याचं माप

आई,

तुझ्या पायांवर आम्हा दोघींचं डोकं.

आधी चांगलं सांगते. छकुलीच्या पाठीच्या ऑपरेशनला आज बारा दिवस झाले. दोन्ही पाय नीट हलतात. काल ती माझा हात धरून खिडकीपर्यंत चालली. इथल्या जेवणाला नाक मुरडते, म्हणजे बरी आहे. तुझ्या डोळ्यांचं पाणी थांबलं का? मशीनवर फार वेळ बसू नकोस.

दोन्ही खांदे सारखे ठेवून तू शिवलेला झगा आज तिला घातला. तो उजवीकडून घसरला. आई, पाठ पूर्ण सरळ झालेली नाही. जन्मापासून अर्धाच असलेला मणका काढला, म्हणून बाक आता वाढणार नाही. पण थोडा राहणारच. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. मी शिकलेली, सगळं वाचून सही केली आणि तुला मात्र "सरळ होईल" म्हणाले. तुझ्या तोंडाकडे बघून खरं बोलवेना.

छकुली म्हणाली, "ताई, आईला कळवू नकोस गं. रडत रडत उसवत बसेल."

जुन्या मापाचा कागद ठेवला आहेस ना? बेतताना उजवा खांदा दोन बोटं खाली घ्यायचीस. आता एकच बोट घे.

तुझी थोरली