बाळाच्या नाकावरची रजई

आई,

आज नमस्कार लिहायला हात उठत नाही. सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात तुम्ही बाळाला टोपी घातली, जाड रजई पांघरली, कडेला उशा लावल्या. मी येऊन बघते तर रजई त्याच्या नाकावर, तोंड लालभडक, केस घामाने चिंब. मी ती ओढून फेकली, तर तुम्ही म्हणालात, "हात बघ त्याचे, गार पडलेत. जीव घेशील पोराचा."

तान्ह्यांचे हात गारच असतात, आई. मान चाचपायची असते, आणि ती तापली होती. सैल पांघरूण नको, अंगात दोन झबली पुरे, असं नर्सने तुमच्यासमोरच सांगितलं होतं. तुमचे चिरंजीव तेव्हाही गप्प, आजही गप्प.

तुम्ही रागाने लेकीकडे निघून गेलात. मग कुठे ह्यांना वाचा फुटली. ह्यांच्या आधीचा तुमचा मुलगा थंडीत न्यूमोनियाने गेला, हे मला आज कळतंय. आधी सांगितलं असतंत तर मी आवाज चढवला नसता. रजई मात्र काढलीच असती.

त्या लेकराचा विषय कागदावर नको, म्हणून हे पत्र पाठवत नाही. उद्या तुम्हाला न्यायला येते. बाळाला मांडीवर हवं तेवढं घ्या. पाळण्यात रजई दिसली, तर पुन्हा भांडेन.

अजून रागातच असलेली,
तुमची सून