गादीच्या पोटातल्या चिठ्ठ्या

प्रिय दादा,

तू गेल्याला आठ महिने झाले आणि तुझ्यावर मी एक ओळ लिहिली नाही. संपादकांनी विचारलं, मैत्रिणींनी विचारलं, वहिनीनं दोनदा विचारलं. प्रत्येकाला मी सांगितलं, दुःख अजून ताजं आहे. अर्धं खरं होतं ते. उरलेलं अर्धं आज सांगते, कारण आता मला ते गिळवत नाही. मी तुझ्यावर जळते आहे. गेलेल्या माणसावर जळणारी बाई बघितली होतीस का कधी? बघ आता!

सगळं त्या वेबसाइटमुळं झालं.

तुझी रेणू पुण्याची नोकरी सोडून आली आणि तुझ्या गल्ल्यावर लॅपटॉप मांडून बसली. वहिनीचं म्हणणं, शहागंजातली मोक्याची जागा आहे, शेजारचा मोबाइल-कव्हरवाला भाड्यानं मागतोय, देऊन टाकू. कापसाच्या गाद्या आता घेतं कोण? रेणूनं दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. "आई, एकदा वेबसाइट करून बघू दे. नाही चाललं, तर शटर मी स्वतः ओढते."

"लई शिकलीस," वहिनी म्हणाली. "गादी काय फोनवर झोपून बघता येती व्हय?"

प्रश्न बिनतोड होता, दादा. तुझं दुकान चालायचंच तसं! येईल त्याला तू आधी दिवाणावर आडवं करायचास. "झोपून दाखवा." कचेरीतला साहेब असो नाहीतर करमाडचा दूधवाला, चपला काढून भर दुकानात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत आडवा. तू स्टुलावर बसून बघायचास. कुठल्या कुशीवर वळतो, हात कुठं ठेवतो, पाय पोटाशी घेतो की सोडतो. कॉलेजात असताना मला या प्रकाराची इतकी लाज वाटायची, की मैत्रिणींना मी लांबच्या रस्त्यानं न्यायची. तुला ते कळलं होतं का? कळलंच असणार. तू माणसं झोपवून ओळखायचास, मी तर तुझ्यासमोर उभी असायची.

तर रेणूनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वेबसाइट आखली. पहिलं पान, गाद्यांचे प्रकार, फोटो, ऑर्डरचा फॉर्म, नेहमीचे प्रश्न, 'आमच्याबद्दल'. पत्त्यात शहराचं नाव कुठलं टाकायचं, जुनं की नवं, मी विचारलं. "दोन्ही टाकू, आत्या. लोक दोन्ही नावांनी शोधतात." ज्या वादावर मी नऊ लेख पाडले, तो पोरीनं एका वाक्यात मिटवला. तुझीच मुलगी.

फॉर्मवर मात्र गाडी अडली. लांबच्या गिऱ्हाइकाला आडवं कसं करायचं? रेणूनं प्रश्न काढले. कुठल्या कुशीवर झोपता? उशी किती? शेजारी कोण झोपतं? वहिनीनं पदर तोंडाला लावला. "वन्सं, सांगा की हिला! परक्या माणसाला असं इचारतं का कुणी?"

कोपऱ्यात टाके घालत बसलेले रशीदचाचा मान वर न करता म्हणाले, "भैया तो इससे जादा पूछते थे, भाभी. नींद आती क्या नै, वो भी पूछते थे. आधे लोगां तो वहींच रो देते थे."

रडायचे? तुझ्या दुकानात? मला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. माझ्या सदरावर तीस वर्षांत एकच माणूस रडला, आणि त्यानं नंतर वकिलाची नोटीस पाठवली.

'आमच्याबद्दल' अर्थातच माझ्याकडं आलं. घरात लेखक कोण? मी चार दिवस खपून नऊशे शब्द लिहिले. फोमच्या जाहिराती, ऑफिसात डुलक्या काढणारा समाज, झोप उडालेली लोकशाही, सगळं घातलं. दोन वाक्यांवर तर मी स्वतःच टाळी दिली. रेणूनं वाचलं. सगळं वाचलं, ही तिची सभ्यता.

"छान आहे, आत्या. पण यात बाबा कुठंयत? सगळीकडं तूच दिसतेस." मग जरा थांबून, "आणि लांब झालंय जरा."

लांब झालंय जरा! दादा, हे तुझे शब्द! दर रविवारी माझा लेख वाचून तू फोनवर एवढंच बोलायचास. "बरं आहे. लांब झालंय जरा." तीस वर्षं मी मनात म्हणत आले, गादीवाल्याला काय कळतंय.

त्याच दुपारी सोयगावहून एक गादी पुन्हा पिंजायला आली. रशीदचाचांनी शिवण उसवली, कापसात हात घातला आणि आतून खोळीच्या कापडाची एक चिंधी काढून बाजूला ठेवली. मार्करनं त्यावर काहीतरी लिहिलेलं होतं. मी विचारलं, हे काय?

"निशानी," चाचा म्हणाले. "किसका कपास किसकी गादी में नै जाना, इसलिए भैया अंदर नाम डालते थे. तुमको मालूम नै?"

मला मालूम नव्हतं. रेणूला नव्हतं. वहिनीला आत नाव असतं एवढंच माहीत होतं. नावाखाली तू काय लिहायचास, ते आम्हा तिघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं. आणि चाचांना देवनागरी वाचता येत नाही!

रेणूनं चिंधी उचलून मोठ्यानं वाचली. "सोयगावची मावशी. मुलाकडं राहायला आली. पातळ कर म्हणते, सकाळी उचलून ठेवायला सोपी. जाड केली. उचलायला लागू नये."

वहिनीनं चिंधी हातात घेऊन अक्षर निरखलं. ही गोष्ट लिहायला मला एक दिवाळी अंक लागला असता, दादा, आणि तरी ती अशी झाली नसती. तू ती चिंधीवर लिहिलीस, आणि मग शिवून टाकलीस?

पिंजायला आलेल्या गादीत तू नवी चिठ्ठी घालायचास आणि जुनी शिलाई मशीनच्या खणात टाकायचास, हेही चाचांकडूनच कळलं. रेणूनं खण उपसला. साठेक निघाल्या. आम्ही तिघी दिवाणावर मांडी घालून वाचत बसलो. "हर्सूलचे मास्तर. सरळ झोपतात, हाताची घडी. झोपेतही वर्ग घेतात. खांद्याखाली जास्त भरली, जरा सैल होतील." आणि हे करमाडचं जोडपं: "दोघांना दोन गाद्या हव्यात. एकच केली. मधे कापूस कमी घातला, घसरून जवळ येतील." वहिनी डोळे पुसता पुसता हसत होती. "ते आले की हो परत, वन्सं! पाच वर्सांनी, तीच गादी घेऊन. म्हणले, अशीच करा, मधलं बदलू नका!"

मीही हसले. पण आतून काय झालं, ते तुलाच सांगते. माझ्या तोंडाचे कोपरे हसत होते आणि बाकीची मी जळत होते. तू गेलास तेव्हा घराबाहेर माणसं मावत नव्हती, आणि मला प्रत्येकजण म्हणत होता, "अच्छा, तुम्ही गादीवाल्या भाऊंच्या बहीण!" माझं नाव पेपरात छापून येतं रे, फोटोसकट! ते पचवलं मी. म्हटलं, माणूस चांगला होता, माणुसकी त्याची, लेखणी माझी. वाटणी झालेली आहे. आणि तू ती लेखणीही ठेवली नाहीस माझ्याकडं? निदान सांगायचंस तरी! मी तुला दर रविवारी विचारायची, कसा झालाय लेख, आणि तू खणात साठ लेख ठेवून म्हणायचास, बरं आहे?

तेवढ्यात चाचा बोलले. "तुम्हारी भी होगी ना, शालू बेटा. शादी की गादी. वो तो एक बार भी नै आई पिंजने को."

दादा, त्या गादीचं तुला सगळं माहीत आहे, तरी कबूल करते. चोवीस वर्षांपूर्वी तू ती दिलीस. दर भाऊबीजेला तू म्हणायचास, "शालू, गादी घेऊन ये, पिंजून देतो." मी म्हणायची, आणते. तीन वर्षांपूर्वी मी ती माळ्यावर टाकली आणि मॉलमधून फोमची आणली. तू सिडकोत घरी आलास, नव्या गादीवर अंगठा दाबून बघितलंस, म्हणालास, "बरी आहे." आणि चहा मागितलास. त्या चहात मी साखर घालायची विसरले होते. तू तसाच प्यायलास. नंतर हे मला किती वेळा आठवलं असेल!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती गादी रिक्षात घातली. म्हणजे गादी बसली रिक्षात, मी तिच्या उरलेल्या जागेत. जालना रोडभर रिक्षावाला आरशात बघून विचारत होता, "मॅडम, घर बदलताय का घरवाला?" मी "सरळ घ्या" एवढंच म्हटलं, यावरून माझी अवस्था ओळख.

चाचांनी शिवण उसवली. खरं सांगू? मला भीती अशी वाटत होती, की आत नुसतं नाव असेल. सोयगावच्या मावशीला चार वाक्यं आणि सख्ख्या बहिणीला नुसतं नाव!

चिंधी पिवळी पडली होती. रेणूनं वाचायला घेतली, मी हिसकावून घेतली.

"शालू. हिला मऊ चालत नाही. दाबून भरली. तरी तक्रार घेऊन येईलच. आली की आधी चहा."

चोवीस वर्षं, दादा! चोवीस वर्षं तू माझ्या तक्रारीची वाट बघत होतास? अख्ख्या शहराबद्दल मी तक्रारी छापल्या, रस्त्यांबद्दल, पाण्याबद्दल, सासरबद्दलसुद्धा आडून आडून. तुझ्या दुकानाची पायरी तेवढी चढले नाही. गादी खरंच कडक होती, रे! पहिल्या महिन्यात पाठ धरली होती माझी. आले असते, तर मजा आली असती. भांडलो असतो.

मी मोठ्यानं वाचलं नव्हतं. पण रशीदचाचांनी माझ्याकडं एकदा बघितलं, समोरच्या टपरीकडं वळून चार बोटं दाखवली. चहा आला.

आता वेबसाइटचं सांगते. 'आमच्याबद्दल' या पानावर माझा एक शब्द नाही. तिथं तुझ्या चिठ्ठ्या जाणार, ज्यांच्या त्यांना विचारून, नावं काढून. मला 'नेहमीचे प्रश्न' हे पान दिलं आहे. गादीला ऊन किती दाखवावं, खोळ कशी धुवावी. लिहिते आहे. खाली नाव येणार नाही, असं रेणूनं प्रेमानं सांगितलंय.

मावशीची चिठ्ठी तिच्या मुलाला फोनवर वाचून दाखवली, तेव्हा त्यानं ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाला, "टाका. आणि आईच्या गादीत पण नवी एक घाला." तिथं पुढचा प्रश्न आला. घाला म्हणजे, लिहिणार कोण? रेणू माझ्याकडं बघायला लागली, वहिनी माझ्याकडं बघायला लागली. माहीत असतं तर इतकी वर्षं ज्या जागेवर मी जळले असते, ती जागा समोर रिकामी! आणि मी काय केलं? मावशीवर अकरा ओळी लिहिल्या. रेणूनं त्या चाचांना वाचून दाखवल्या.

"अच्छा है," चाचा म्हणाले. "लेकिन बेटा, गादी में कपास भी डालना है ना?"

मी दहा ओळी खोडल्या. उरलेली एक काय होती, ते तुला सांगणार नाही. शिवून टाकली. दिवाळीआधी वेबसाइट सुरू होईल, शटर ओढायचं की नाही ते दिवाळीला कळेल. तोवर फॉर्ममधून येणारी माणसं मी मनातल्या मनात झोपवून बघते आहे.

माझी चिठ्ठी मात्र वेबसाइटवर जाणार नाही. रेणूनं मागितली, वहिनीनं मागितली, दिली नाही. साठ लोकांना वाटून उरलेला एवढा दादा माझा एकटीचा राहू दे. ती पुन्हा माझ्याच गादीत घातली, गादी पुन्हा पलंगावर आली, फोम माळ्यावर गेला.

आणि हा शब्द देते. तुझ्या गिऱ्हाइकांसाठी लिहीन ते छोटं लिहीन, नाव न घालता लिहीन, आणि पाच वर्षं ते कुणी वाचणार नाही हे सोशीन. माझी गादी दर पाच वर्षांनी पिंजायला आणीन. दरवेळी तक्रार घेऊन येईन, तुझ्याच कापसाची, अगदी खणखणीत. आधी चहा पिईन, मग बोलेन.

पत्र लांब झालंय जरा. माहीत आहे.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
शालू