कुवेतच्या कंपनीले पत्र

प्रणितभाऊ,
मी पहिल्या जीपनं ब्रह्मपुरीले चालली. तुमच्या भावाच्या मृत्यूच्या कागदावर वकिलाची सही पायजे. भात झाकून ठेवला हाये. आईले आधी जेवू घाला, मंग ते गेल्याचं सांगा. माह्यानं सांगणं होत नाई.

कुवेतच्या कंपनीले इंग्रजी पत्र आता तुमीच लिहा. मी ‘कॅन यू सेंड हिज बॉडी’ असं लिहिलं होतं. त्यायनं एवढंच कळवलं, ‘येस, वी कॅन.’ बारा दिवस झाले, मयत अजून तिथीच हाये. कॉलेजातल्या बाई म्हणे, “कॅन म्हणजे ‘पाठवता येते काय?’ ‘पाठवा’ म्हणायले वुड लागते.” म्हणून ‘वुड यू प्लीज’ लिहा. तेवढ्यानंही नाई झालं तर ‘यू मस्ट’ लिहा. माह्या विनंत्या करून झाल्या.

पुनम