अबोली रंगाचं देऊळ

अप्पा,

त्या देवळाला रंग द्यायला गावाला काय काय लागलं ते आधी सांगतो. अबोली ऑईलपेंटचे अकरा डबे, कळसाला चांदी रंगाचा एक, परांचीसाठी कुणाच्या तरी शेतातले चाळीस बांबू, सहा माणसांचे नऊ दिवस, आणि त्या सहा जणांना घराघरातून आळीपाळीनं आलेल्या भाकऱ्या. एवढं सगळं त्यांनी माझ्या एका वाक्यावर केलं. मी म्हणालो होतो, "मुंबईचे पाहुणे येणार आहेत, जरा नीटनेटकं ठेवा." माझं त्यात वीस वर्षांचं नाव गेलं, पण ते मी या हिशेबात धरत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे एक जुनी जीप होती आणि बोलायला तोंड होतं. आता सिनेमावाले आधी मला फोन करतात आणि मग नकाशा उघडतात. धबधबा हवा तर सहस्रकुंड, अफाट पाणी हवं तर विष्णुपुरीच्या धरणामागचा पसारा, किल्ला हवा तर कंधार नाहीतर उदगीर. हदगावकडचा कापूस कोणत्या आठवड्यात पांढरा फुटतो हे तिथल्या शेतकऱ्याआधी मला ठाऊक असतं. जागा डोळ्यांनी सगळेच बघतात, मी डोळे मिटून उभा राहतो. लांबची पिठाची गिरणी, विहिरीवरची मोटार, दोन शेतांपलीकडचा ट्रॅक्टर, कशानं आवाजाचा घोळ होईल ते साउंडवाल्याच्या आधी मी सांगतो. कोपरा न् कोपरा स्वतः बघितल्याशिवाय मी जागा दाखवत नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता काम देणारी सिनेमाची पार्टीच मला ते ऐकवते. कार्डावर नावाखाली छापलंय, 'रंग न लागलेल्या जागा'.

ते का छापलं हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार? शिरूरपासून निलंग्यापर्यंत महादेवाची निम्मी देवळं तुम्ही रंगवली. शिवरात्रीआधी महिनाभर तुमच्या सायकलला डबे लटकलेले असायचे. भिंतीला ब्रश लावण्याआधी तुम्ही त्याच्या दांड्यानं दगड वाजवायचात आणि मला विचारायचात, "काय म्हणतोय?" भरीव दगड टणक बोलतो, ओल धरलेला दबक्या आवाजात बोलतो. माझे कान तिथे तयार झाले. आणि प्रत्येक देवळात कुठेतरी पाठीमागे, कुणाला दिसणार नाही असा हाताच्या पंजाएवढा दगड तुम्ही कोरा सोडायचात. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "खाली काय व्हतं ते इसरू नये मानसानं." त्या कोऱ्या पंजावरून मी तुमचं काम अजून ओळखतो. ओळखतो, आणि पार्टीला घेऊन पुढे निघतो. सिनेमावाल्यांना काळा दगड लागतो, अप्पा. अबोली देवळासमोर जुना काळ उभा राहत नाही.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. माझं पहिलंच मोठं काम, उदगीरच्या अलीकडे. सगळं युनिट तुम्हीच रंगवलेल्या एका देवळासमोर उभं, आणि तुम्ही माझा डबा घेऊन सायकलवर आला आहात. कपाळ पुसताय. दिग्दर्शक देवळाकडे बघतो आणि म्हणतो, "हे ज्यानं रंगवलं त्याचे हात तोडले पाहिजेत." सगळे हसतात. मीही हसतो. तुम्ही माझ्यापासून चार पावलांवर आहात. डबा माझ्या हातात देता, म्हणता, "भाकर गरम हाय, खाऊन घे," आणि सायकल वळवता. पुढे मी वाट बघितली, की तुम्ही शिव्या द्याल, दोन दिवस बोलणार नाही. तुम्ही तर रात्री ताटावर मला कांदा फोडून दिलात. त्या वर्षानंतर तुमची कामं कमी झाली, ते मी गुडघ्यांवर ढकललं. पुढचा उन्हाळाभर तुम्ही सकाळी निघून जायचात. आई विचारायची तर म्हणायचात, "नदीकडं एक काम हाय." पावसाळ्यात तुमच्या बोटांची सालं निघाली होती, भाकरी मोडता येत नव्हती. वय झालं, असं मी तुम्हालाच सांगितलं होतं.

गेल्या वर्षी मांजरेच्या काठाला, निलंग्याच्या पलीकडे, मला हे देऊळ सापडलं. काळंभोर, पायरीपासून शिखरापर्यंत रंगाचा थेंब नाही. मी दगड वाजवला, काय टणक बोलला! पार्टीला फोनवर सांगितलं, "वीस वर्षांत अशी कोरी जागा पाहिली नाही, आणि ही माझी मी शोधलीय." देवळाचे पुजारी म्हातारे आहेत, मी त्यांना मामा म्हणतो. ते म्हणाले, "गावातल्या पोरांस्नी काम मिळंल न्हाई का, मालक?" म्हटलं, मिळेल. जेवणाची पंगत, गर्दीतली माणसं, बैलगाड्या, सगळं गावातलंच घेऊ. मग ते नीटनेटकं ठेवायचं वाक्य बोललो आणि निघालो.

वीस दिवसांनी या पार्टीच्या दिग्दर्शकाला घेऊन गेलो. ओढ्याच्या वळणावरूनच अबोली दिसली. मामा नवं धोतर नेसून दारात उभे होते.

"कसं झालंय?"

"मामा, हे काहून केलं?"

"आता काय सांगावं! पाव्हणं येलालेत म्हनल्यावर देवाला जुन्या कापडात ठिवावं का? तुमी तर निस्तं झाडा म्हनलाव. आमी म्हनलं, आपल्या गावाची इज्जत हाय."

मागे दिग्दर्शकानं गाडीचं दार लावून घेतलं. मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून विचारलं, "पण अबोलीच का?"

"पयला बी ह्योच व्हता की," मामा म्हणाले. त्यांनी मला नंदीच्या मागे नेलं, वाकायला लावलं. पंजाएवढा जुना अबोली रंग, तडकलेला, फिकट. त्याच्याभोवती नवा. "शिरूरचा एक पेंटर व्हता. माझ्या बापाच्या टायमाला त्यानंच रंगवलेलं. मग एका उन्हाळ्यात आला आन् म्हनला, रंग माझा हाय, मीच काढनार. आमी येडा म्हनलं त्याला. तारेचा ब्रश आन् कास्टिक सोडा घिऊन दोन म्हैने खरडत बसला. रुपाया घेतला न्हाई. हाताची कातडी जाऊ लागली तरी ऐकंना. जाताना एवढा तुकडा तसाच ठिवला. त्यावरूनच तर दुकानात रंग जुळवून आनला, बगा."

मी त्यांना सांगितलं नाही, अप्पा, की तो पेंटर माझा कोण. उठून उभा राहिलो तर दिग्दर्शकाचा माणूस जवळ आलेला. हळू आवाजात म्हणाला, "वाळू मारायची मशीन आणतो, दोन दिवसांत सगळं उडवतो. गावाला तुम्ही सांभाळा." मशीननं रंग गेला असता आणि कोरीवकामाचे नाकडोळेही गेले असते. मी खिशातलं पेन काढून खांब वाजवला. टणक बोलला. मी म्हणालो, "आतून पोकळ आहे, मशीन झेपणार नाही." माझ्या कानांवर त्यांचा फार विश्वास. तो मी पहिल्यांदा खोटं बोलायला वापरला. ते लोक दुसऱ्या जिल्ह्यात गेले, परत मला फोन केला नाही.

मामांना म्हणालो, "रंग लई छान उठलाय." आता दर सोमवारी पूजा आटोपली की त्यांचा फोन येतो. "मंडळी कवा येलालीत?" मी म्हणतो पावसाचं बघू, हिरोच्या तारखा बघू. पोरांनी म्हणे दोन बैलगाड्या धुऊन, झुली शिवून ठेवल्यात. मला घरात बसवत नाही. खरं सांगायला आज तिसऱ्यांदा निघालो आणि तिसऱ्यांदा निलंग्यात गाडी थांबवली. स्टँडसमोर चहावाला तिसऱ्यांदा विचारतोय, अजून एक देऊ का. शूटिंग होणार नाही एवढंच सांगायचं असतं तर सांगून टाकलं असतं. पण ते का होणार नाही हे सांगताना तो पेंटर कोण होता, आणि त्यानं दोन महिने हात का जाळले, हेही सांगावं लागेल.

वर मी लिहिलं की सगळे हसले, मीही हसलो. तसं झालं नव्हतं. आधी मी हसलो. दिग्दर्शकाचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं, मला त्याला दाखवायचं होतं की मी त्यांच्यातला आहे. बाकीचे माझ्यानंतर हसले. तुमचे कान माझ्यापेक्षा तयार होते, तेव्हा पहिला आवाज कुणाचा हे तुम्हाला कळलंच असणार.

हे कागद गाडीच्या कप्प्यात, कार्डांच्या गठ्ठ्याखाली ठेवतोय. नवा रंग लागण्याआधी मी त्या देवळात चारदा गेलो होतो. नंदीच्या मागे एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.