सील कोरडं होतं

उस्ताद, फाट्यावर सकाळपासून लाइट नाही, कंप्रेसर बंद आहे, म्हणून बसल्या बसल्या तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. गॅरेज अजून त्याच जागी आहे. वरचे पत्रे बदलले आणि रस्ता रुंद झाला तेव्हा पुढची दहा फूट जागा गेली, एवढंच. गिऱ्हाईक मात्र पार बदललं. आता माणूस गाडीतून उतरायच्या आधी विचारतो, खर्च किती येईल? आणि मीही बॉनेट उघडायच्या आधी आकडा सांगून मोकळा व्हायचो. तुम्ही असता तर माझ्या हातातला पाना काढून घेतला असता.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी काही लहान नव्हतो. सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला, हिंगोली-वारंगा काळीपिवळी चालवता चालवता शेवटी जीपच विकून बसलेला घोडा. त्यामुळं गाडीतलं सगळं आपल्याला कळतं, ही मस्ती होती. पहिल्याच आठवड्यात एका जीपखाली तेलाचं थारोळं बघून मी ऐटीत म्हणालो, खालच्या चेंबरचं पॅकिंग गेलं. तुम्ही इंजिन डिझेलनं धुतलंत, फडक्यानं कोरडं पुसलंत, आणि घरून आणलेली अंगाला लावायची पावडर त्यावर उडवलीत. मला गाडी बाळापूरपर्यंत नेऊन आणायला लावली. परत आल्यावर बॅटरीच्या उजेडात बघतो तर पांढऱ्या पावडरीतून तेलाची काळी रेघ पार वरच्या झाकणापासून खाली उतरलेली. "तेल खाली दिसून राहिलं म्हणून खालीच फुटलं असं न्हाई," तुम्ही म्हणालात. "पहिले वर बघ, मग तोंड उघड." पावडर बघितल्याशिवाय तुम्ही कुणालाच खर्च सांगत नव्हता, मग तो कितीही घाईत असो. घरात पावडरीचा डबा टिकत नाही म्हणून भाभी कुरकुरायच्या आणि तुम्ही हसत हसत दुसरा डबा विकत आणायचा.

मागच्या महिन्यात डोंगरकड्याकडच्या एका खेड्यातून एक बाई आल्या. गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. नवऱ्याची किडनी गेली, आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिसला न्यावं लागतं, म्हणून पन्नाशीत गाडी चालवायला शिकल्या. गाडी जुनी, डिझेलची. खाली तेल टपकत होतं. माझ्याकडे त्या दिवशी अजून तीन गाड्या उभ्या होत्या. मी खाली वाकलो, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर तेल बघितलं आणि उठून सांगितलं, मधलं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, क्लचसकट अठरा हजार धरा. वाकलो आणि उठलो, यात एक मिनिटसुद्धा गेलं नसेल. त्यांनी गाडीचं दार धरलं. मग म्हणाल्या, "भाऊ, तोवर वरून तेल टाकत टाकत चालवली तर चालंल का?" मी म्हणालो, रस्त्यात बंद पडली तर पेशंटला घेऊन बसाल मधेच. हे ऐकल्यावर कोण चालवेल? गाडी ठेवून त्या बसनं गेल्या.

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवला. सील कोरडं होतं, उस्ताद. बोट फिरवून बघितलं तर बोटालासुद्धा तेल लागलं नाही. मग मला पावडर आठवली. सगळं परत जोडलं, धुतलं, पुसलं, पावडर मारली, बाळापूरला जाऊन आलो. रेघ वरूनच येत होती. टॅपेट कव्हरचं, म्हणजे वरच्या झाकणाचं पॅकिंग, तासाभराचं काम. खोलण्या-जोडण्यात चार दिवस गेले.

तुम्हाला तो हळदीच्या व्यापाऱ्याचा पिकअप आठवतो का? रोजे चालू होते, तुम्ही थकलेले होता, आणि मी बघितलं तेव्हापासून एकदाच पावडर न मारता तुम्ही गिअरबॉक्स उतरवलात. आतलं सील चांगलं निघालं. मी हळूच म्हणालो, उस्ताद, नवं टाकू, जोडू, कुणाला काय कळणार आहे? तुम्ही व्यापाऱ्याला बोलावून घेतलंत आणि चहा पिणाऱ्या चार माणसांसमोर सांगितलंत, माझी नजर चुकली, खोलायचं काम नव्हतं, मजुरी घेणार नाही. तो हसला. या वयात नजर चुकायचीच, म्हणाला, आणि त्याची दुसरी गाडी पुढं कधी आपल्याकडे आली नाही. मला तुमचा राग आला होता. खरं सांगतो, लाजही वाटली होती, असा कसा आपला उस्ताद म्हणून. मी विचारलं, काहून सांगितलं? तुम्ही हात धुता धुता म्हणालात, "त्याची हळद चार दिवस पडून राहिली. ते दिवस कोणाच्या नावावर टाकू?" मला तेव्हा ते भोळेपणाचं वाटलं. पैसे तर सोडलेच होते, मग वर सांगायची काय गरज होती, असंच मी घरी जाऊन बायकोला म्हणालो.

बाई गाडी न्यायला आल्या तेव्हा मी बाराशे रुपये सांगितले. त्यांचा विश्वासच बसेना. अठराचे बाराशे कसे, विचारलं. मी तयारच होतो. म्हणालो, नांदेडला ओळखीनं सामान स्वस्तात भेटलं, मजुरीचं मी बघून घेतलं. असं धडधडीत बोललो की माझं मलाच खरं वाटलं. त्यांचे डोळे भरून आले. पदरानं पुसत त्या सांगू लागल्या, परवा बसमधी जागा भेटली न्हाई, डायलिसिसहून येताना ह्यांना चक्कर आली, मग खालीच बसवलं, लोकांच्या पायात. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगायचं म्हणून सांगितलं. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "गाडी झाली ना. तुमच्यासारखा माणूस फाट्यावर न्हाई, भाऊ." माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, की ताई, माझी नजर चुकली, तुमच्या मालकांना मी खाली बसवलं. पण मागं दोन गिऱ्हाईकं उभी होती, आणि मी म्हणालो, त्यात काय एवढं.

तेव्हापासून त्यांनी गावात माझं नाव करून ठेवलंय. डोंगरकड्याकडून तीन गाड्या आल्या. प्रत्येक जण म्हणतो, गिरणीवाल्या ताईंनी पाठवलं, इमानदार माणूस आहे म्हणाल्या. काल त्यांनी कुणाच्या तरी हाती पाच किलो ज्वारीचं पीठ पाठवलं. घरात त्याच्या भाकरी झाल्या, पोरांनी चवीनं खाल्ल्या. मी ताट बाजूला सरकवलं. बायकोनं विचारलं तर पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. म्हणजे एक खोटं झाकायला घरात दुसरं.

पावडरीचा डबा आता पान्यांच्या ट्रेमध्येच ठेवलाय. पावडर मारल्याशिवाय आकडा सांगत नाही, दोन गिऱ्हाईकं त्यावरून परत गेली तरी. हे वाचून तुम्ही खूश व्हाल असं वाटलं होतं. पण हे तर गाड्यांचं झालं. त्या चार दिवसांचं काय, हे तुम्ही विचाराल.

उस्ताद, तुम्हाला लिहिणं सोपं पडलं, कारण तुम्ही काही म्हणणार नाही. हे पाठवायला पत्ता नाही, तीही एक सोयच. ज्यांना सांगायचं त्या इथून आठ किलोमीटरवर राहतात, त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, आणि मी इथं तुम्हाला लिहीत बसलोय.