खोलीत अंधार दिसतोय

कळंब, ता. कर्जत
११ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षद यास,

बाबाचे आशीर्वाद. तू बरा असशील, वेळेवर जेवत असशील. पुण्यात थंडी पडली असेल, कान बांधून गाडी चालव. इथे भात झोडून झालं. पेंढा शेजारी लडकूच्या आवारात रचलाय. शनिवार-रविवार रिसॉर्टवाल्यांचा दणदणाट चालतो, त्याने तुझी आई खाटेवर दचकते. बाकी ठीक.

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तू विचारतोस आणि मी पटकन काहीतरी ठोकून देतो, म्हणून लिहायला बसलो. भर उन्हात अंगणात बसलोय. ओळी वाकड्या आल्या असतील तर समजून घे.

दिवाळीत तू फळीवर ठेवून गेलेला जुना फोन तिथेच आहे, चार्जरला लावलेला. तू समजावलं होतंस की तुमची कंपनी ब्राउझरला उजेड ओळखायला शिकवते आहे. फोनच्या कपाळावरचं बारीक भोक खोलीतला उजेड मोजतं आणि आकडा तुला पुण्यात दिसतो. फोटो नाही, आवाज नाही. तरी मला धाकधूक. आईचं अंग पुसताना मी तो पालथा घालायचो. भरदिवसा काळोख दिसला म्हणून तू फोन केलास, तेव्हा मी म्हटलं, "पालथा पडला व्हता रं." तेवढं तरी अर्धं खरं होतं.

गेल्या आठवड्यात तू रोज संध्याकाळी विचारलंस.

"बाबा, खोलीत अंधार दिसतोय. दिवा नाय लावला?"

"लावलाय की."

"मग फोन सरळ कर."

"सरळच हाय. तुझं मशीन खोटारडं हाय, त्याला चष्मा लाव!"

तू हसलास. मीही हसलो.

मशीन खोटं नव्हतं. तू बसवून गेलेला पांढरा दिवा उडाला होता. जुना पिवळा बल्ब असता तर हात जवळ नेऊन धग लागते का बघितलं असतं. हा तापत नाही. बटण दाबलं की उजेड झाला, असं मी धरून चालायचो.

कर्जतच्या डॉक्टरने पावसाळ्यातच सांगितलंय. माझ्या डोळ्यांत काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही म्हणाला. उन्हात अजून भागतं, दिवस कलला की काही नाही. दिवाळीत रांगोळीत पाय पडला तो घाईने नाही. तुला कळलं असतं तर तू आईला लोधिवलीकडच्या त्या आजारी माणसांच्या जागेत नेलं असतंस. मी धडधाकट आहे तोवर ती इथून हलणार नाही, असं मीच तुला बजावलं होतं ना.

तिला मात्र सगळं दिसतं. वाचा गेली, एक बाजू गेली, डोळे शाबूत आहेत. गेल्या आठवड्यात रोज संध्याकाळी ती बऱ्या हाताने खाट बडवायची. मला वाटायचं दुखतंय, मी गोळी द्यायचो. पेज भरवायचो, चाचपून तोंड पुसायचो. तरी बडवायची. एकदा मी ओरडलो, "गप नीज गं, जीव घेतेस काय माझा!"

परवा लडकू विळा परत द्यायला आला. दारातूनच म्हणाला, "गोमादा, काळोखात काय भुतं जेवायला घातलीस काय?"

मी म्हटलं, "बटण चालू हाय."

तो आत आला. मग त्याने बॅटरी लावली असणार. म्हणाला, "वैनीच्या मानेला मुंग्या लागल्यात रं."

लुळ्या बाजूला. पेज ओघळून उशीत मुरली होती. लडकूने मान धुतली, मी तांब्या धरून उभा होतो.

तू म्हणाला होतास, कंपनीत काही जण अडून बसलेत, वेबसाइटला उजेड मोजू देऊ नका, लोकांच्या घरातलं बाहेर पडेल. उजेडावरून काय कळणार, असं तुझं म्हणणं. त्यांना सांग, कळतं. तुला तर कळलंच होतं. तू आकडा सोडून बापावर विश्वास ठेवलास.

पत्र मिळेल त्या दिवशी गाडी घेऊन ये आणि आईला ने. तिची लुगडी आणि निळी गोधडी बांधून ठेवतो. मला पुन्हा विचारत बसू नकोस, मी नाही म्हणेन.

लडकूने नवा दिवा लावलाय. फोन सरळ आहे. तू येईपर्यंत रोज आकडा बघत जा. अंधार दिसला तर लडकूला फोन कर, मला करू नकोस. मी लावलाय असंच सांगेन.

तुझा बाबा,
गोमा